घरातल्या मांजराच्या पिल्लाचा वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू घरात येतं ते बहुतेक वेळा लेकरांच्या हट्टापायी. आठवडाभरात त्याचं नाव ठरतं, आणि त्याच आठवड्यात आजी नाकाला पदर लावून विचारते, "हा वास कशाचा गं?" मग फिनाईल येतं, उदबत्ती लागते, रूम फ्रेशनर येतो, आणि दोन दिवसांनी या सगळ्यांच्या वर तो मूळचा वास असतोच. वासावर दुसरा वास ओतून काही साधत नाही. जागा शोधायची, कारण शोधायचं, ते दूर करायचं. परभणी, नांदेड, लातूर, बीडकडच्या घरांतून जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं खाली आहेत.

एवढंसं पिल्लू, त्याच्या शूला एवढा उग्र वास कसा?

मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यामुळे मांजराची किडनी पाणी फार जपून वापरते आणि लघवी घट्ट बनते. ताज्या लघवीला खरं तर तितका वास नसतो. तिच्यातल्या युरियावर जिवाणू कामाला लागले की अमोनिया सुटतो. नाकात झोंबतो तो हा.

दुसरं कारण जास्त चिवट आहे. लघवीतल्या युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. फरशीच्या दर्जांत (सांध्यांत), गादीच्या कापसात, दाराच्या चौकटीत ते बसून राहतात. हवा कोरडी असेपर्यंत गप्प असतात, दमट झाली की पुन्हा वास सोडतात. मे महिन्यात "गेला एकदाचा" म्हणून सोडलेला वास मृगाच्या पहिल्या सरीबरोबर परत येतो तो यामुळेच. पिल्लाने पुन्हा काही केलेलं नसतं. त्याला उगीच रागावू नका.

बोक्याचा म्हणून जो खास वास असतो तो वेगळा. वयात आलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि त्यापासून गंधकाची उग्र संयुगं तयार होतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लात हा प्रकार जवळजवळ नसतो. त्यामुळे लहान पिल्लू असूनही घर भरून वास येत असेल तर एकतर त्याचा शू-शीचा टब (वाळूसारखं लिटर भरून ठेवलेलं पसरट भांडं) वेळेवर साफ होत नाही, नाहीतर घरात कुठेतरी एक लपलेली जागा आहे.

वास येतोय, पण नेमका कुठून ते सापडत नाही. काय करावं?

आधी नाक जमिनीजवळ न्या. वास उभ्याने शोधला जात नाही. दिवाणाखाली, कपाटामागे, धुण्याच्या ढिगाऱ्यात, चपलांच्या रॅकमध्ये, कुंड्यांच्या मातीत आणि ज्वारीच्या पोत्यांच्या सांदीत बघा. आमच्याकडच्या घरांत ही शेवटची जागा फार वेळा निघते; तिथे अंधार असतो, आडोसा असतो आणि सहसा कुणी जात नाही, म्हणजे पिल्लाच्या दृष्टीने उत्तम सोय.

तरीही सापडलं नाही तर नोटा तपासायचा जांभळा यूव्ही टॉर्च आणा. रात्री दिवे बंद करून खोलीभर फिरवा. लघवीचा जुना डाग पिवळट-हिरवट चमकतो. साबणाचे आणि काही रंगांचे डागही चमकतात, म्हणून चमकलेल्या जागेचा वास घेऊन खात्री करा आणि खडूने वर्तुळ काढून ठेवा. सकाळी दिवे लागले की काहीच दिसत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

फिनाईल टाकून पुसलं तर चालेल का?

नाही. आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो म्हणून जरा सविस्तर.

मांजराच्या यकृतात फिनॉल जातीची रसायनं मोडून बाहेर टाकणारी यंत्रणा फार दुबळी असते. माणूस, कुत्रा जे पचवतो ते मांजराला पचत नाही. याच दुबळेपणामुळे माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. तर फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून पिल्लू चालतं, मग निवांत बसून पंजे चाटतं, आणि ते रसायन पोटात जातं. लाळ गळणं, थरथर, तोल जाणं ही विषबाधेची लक्षणं. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं अँटिसेप्टिकही याच घराण्यातलं, तेही नको.

ब्लीच किंवा संडास साफ करायचं क्लोरीनवालं द्रावण लघवीवर ओतलं तर आणखी वाईट. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन वायू तयार होतो. तो तुमच्याही छातीला बाधतो.

कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या, कापराच्या वड्या, निलगिरीचं किंवा टी ट्रीचं तेल, हेही पिल्लाच्या पोहोचेबाहेर. "मांजर त्या कोपऱ्यात जाऊ नये म्हणून डांबराची गोळी टाकली," असं सांगणारे बरेच भेटतात. पिल्लू तिच्याशी गोटीसारखं खेळतं, एवढंच होतं.

मग पुसायचं कशाने?

ताजी शू असेल तर घासू नका, टिपा. जुनं सुती फडकं किंवा वर्तमानपत्र ठेवून वर पाय देऊन उभे राहा. जितकं टिपून निघेल तितकं पुढचं काम कमी. मग थोडं साधं पाणी, पुन्हा टिपणं.

यानंतर खरं काम एन्झाइम क्लीनरचं. पाळीव प्राण्यांसाठीची अशी बाटली छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या पेट शॉपमध्ये मिळते, नाहीतर ऑनलाइन. त्यातले एन्झाइम युरिक आम्ल मोडतात. लोक चुकतात ते वापरण्यात: फवारलं आणि लगेच पुसलं. डाग पूर्ण भिजेल इतकं ओतायचं, लेबलवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्यायचं, मग आपोआप वाळू द्यायचं. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. त्या जागेवर आधी फिनाईल किंवा दुसरं काही टाकलेलं असेल तर ते साध्या पाण्याने काढून मगच, कारण जंतुनाशकात एन्झाइमही निकामी होतात.

बाटली महाग वाटत असेल तर घरगुती उपाय असा: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून डागावर, दहा-पंधरा मिनिटांनी टिपायचं. अमोनिया त्याने मारला जातो. वाळल्यावर वर खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून काढायचा. खूप जुन्या डागावर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. ते सहसा सहा टक्क्यांचं मिळतं, तेव्हा तितकंच पाणी घालून तीन टक्के करा, त्यात चमचाभर सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. रंगीत कपड्याचा रंग उडतो, आधी कोपऱ्यावर बघा. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका. आत वायू तयार होतो आणि बाटली फुटते.

गूळ आणि लिंबाच्या सालींचं घरचं बायो-एन्झाइम चालेल का?

एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी घालून तीन महिने मुरवलेलं ते पाणी फरशी पुसायला छान आहे. पण ते मुख्यतः आंबलेलं, आम्लधर्मी पाणी असतं. एन्झाइम नाव आहे म्हणून लघवीच्या डागावर पेट शॉपच्या बाटलीसारखं काम करेल अशी आशा धरू नका. शिवाय लिंबू-संत्र्याच्या सालीचा वास मांजरांना आवडत नाही, त्यामुळे टबाजवळ तर ते मुळीच वापरू नका. पिल्लू टबाकडेच फिरकणार नाही.

आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. व्हिनेगर चालेल?

चालणार नाही. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कोटाही तोच प्रकार, आणि संगमरवरही. आंबट पदार्थ पडला की तो दगड खाल्ला जातो, चकाकी जाते आणि पृष्ठभाग अजून खरबरीत होतो, म्हणजे पुढच्या वेळी लघवी आणखी आत मुरणार. शहाबादीवर एन्झाइम क्लीनर, नाहीतर सोड्याची पातळ पेस्ट लावून वाळवणं, एवढंच.

खरा वास फरशीत कमी, दर्जांत जास्त असतो. सिमेंट निघून गेलेल्या भेगांत लघवी झिरपते आणि खालच्या मुरुमापर्यंत जाते. तिथे कितीही ओता, पोहोचत नाही. गवंड्याला बोलावून त्या दर्जा खरवडून पुन्हा भरून घेतल्या की अर्धा त्रास संपतो. जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन असेल तर उलट सोपं आहे: तेवढा ओला पोपडा उकरून टाकायचा, नवी माती थापायची, सारवून घ्यायचं.

नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. टब आणि फरशी धुवायची कशी?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर आपलंच. "रोज स्वच्छ धुवा" हा सल्ला आपल्या मुलखात देणाऱ्याने आधी टँकरचा भाव विचारावा.

कमी पाण्यात भागवायचं तर धुण्यापेक्षा उचलण्यावर भर द्या. टबातले ओल्या लिटरचे गोळे आणि शी सकाळ-संध्याकाळ उचलली तर टब आठवड्याने धुतला तरी चालतो. धुताना बादली लागत नाही: एक मग गरम पाणी, थोडं भांड्याचं लिक्विड, जुना ब्रश, मग आणखी एक मग पाणी. त्यानंतर टब गच्चीवर किंवा माळवदावर उपडा न ठेवता आतली बाजू वर करून ऊन द्या. मराठवाड्याचं ऊन फुकट आहे आणि वास घालवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शक्य असेल तर दोन टब घ्या. एक वाळतो तेव्हा दुसरा वापरात. फरशीवर ओलं फडकं पसरून घासण्यापेक्षा स्प्रे बाटलीने फक्त डागावर फवारा. अख्खी खोली पुसली की डाग पातळ होऊन खोलीभर पसरतो.

कपडे धुतलेलं दुसरं पाणी टब खंगाळायला हरकत नाही, पण शेवटचा मग साध्या पाण्याचा असू द्या. सुगंधी पावडरचा वास राहिला तर पिल्लू नाक मुरडतं.

गादीवर, वाकळेवर केलंय.

वाकळ, चादर, उशीची खोळ धुता येते: आधी थंड पाण्यात व्हिनेगर घालून अर्धा तास, मग नेहमीचं धुणं, मग कडक ऊन. वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका.

कापसाची गादी हे जरा कष्टाचं काम. टिपून घ्या, एन्झाइम इतकं ओता की जितकी लघवी आत गेली तितकं तेही आत जाईल, वरून दाबा, पुन्हा टिपा, आणि गादी उन्हात उभी करून दोन्ही बाजूंनी वाळवा. मधला कापूस ओला राहिला तर कुबट वास वेगळाच सुरू होतो. बऱ्याच वेळा झालेली गादी असेल तर सरळ पिंजाऱ्याकडे द्या: डाग लागलेला कापूस काढून टाकायचा, उरलेला उन्हात घालून पिंजायचा, खोळ नवी. फोमच्या गादीला हा मार्ग नाही, म्हणून पिल्लू टब शिकेपर्यंत तिच्यावर रेक्झिनचं किंवा प्लास्टिकचं आवरण घालून ठेवा.

लिटर कोणतं घ्यावं? वाळू, भुसा, राख, माती, यातलं काही चालतं का?

बाजारातलं गोळा होणारं लिटर म्हणजे बहुतेक वेळा बेंटोनाइट माती. आपल्या देशात ती मुख्यतः गुजरात-राजस्थानातून येते. ओली झाली की फुगते, घट्ट गोळा होतो, तो उचलून टाकता येतो. वासाच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं हेच. पण पिल्लू साधारण तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत हे देऊ नका. लहान पिल्लं सगळं तोंडात घालून बघतात आणि ही माती पोटात जाऊनही फुगते. तोपर्यंत लाकडाच्या गोळ्यांचं किंवा कागदाचं लिटर, नाहीतर नदीची जाड, चाळलेली, उन्हात वाळवलेली वाळू.

इथे एक गंमत सांगायची तर आपली काळी माती आणि बेंटोनाइट यांचं नातं आहे. दोन्हींत पाणी लागलं की फुगणारी, वाळली की भेगा पडणारी एकाच जातीची चिकणमाती असते. मग शेतातली काळी आणून टबात घातली तर? काही जणांनी विचारलंय. नको. ती दाणेदार नसते, लघवी पडली की चिखल होतो, पिल्लाच्या पायांना लगडतो आणि पांढऱ्या चादरीवर पावलं उमटतात. शेतातल्या मातीत जंतांची अंडीही असू शकतात.

सॉ मिलचा भुसा स्वस्त आहे, अमोनियाचा वास बऱ्यापैकी धरतो, पण बारीक धूळ नाकात जाऊन पिल्लू शिंकत बसतं. जाडसर भुसा चाळून घ्या. चुलीची राख वास ओढून घेते हे खरं, पण ओली राख अल्कधर्मी आणि दाहक होते, पंजे चिरतात. टब राखेनेच भरणं टाळा.

सुगंधी लिटर, गुलाब-लॅव्हेंडरवालं, ते तुमच्यासाठी असतं. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे. त्याला तो वास सहन झाला नाही तर ते तुमच्या धुण्याच्या बादलीत बसेल.

टब कसा हवा, कुठे ठेवावा?

महागडा हवा असं काही नाही. प्लास्टिकचं पसरट घमेलं पुरतं, फक्त एका बाजूने काठ इतका बुटका हवा की पिल्लाला चढता येईल. लिटर दोन इंच. खाली चमचाभर खाण्याचा सोडा पसरला तर वास कमी राहतो. एका मांजराला दोन टब, दोन मांजरांना तीन, असा हिशोब धरतात. छोट्या घरात एकावर भागवायचं तर तो दिवसातून तीनदा बघा. उचलायला जुना झारा चालतो, पण मग तो पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. त्याला लाल दोरा बांधून ठेवा.

जागा शांत, हवेशीर, जेवणाच्या वाटीपासून लांब. मोरीच्या ओल्या कोपऱ्यात ठेवला तर लिटर कायम दमट राहून वास येतो. देवघराशेजारी ठेवून मग घरात वाद घालू नका. झाकणवाल्या टबात वास कोंडतो. तुम्हाला बाहेर कमी येतो, पिल्लाला आत दुप्पट. प्लास्टिकवर नखांचे ओरखडे पडून त्यात वास मुरतो, म्हणून वर्षाकाठी टब बदललेला बरा.

टब आहे, तरी बाहेरच करतं. मारावं का?

मारू नका, नाक घासू नका. मारलं तर ते टबात जायला शिकत नाही, तुमच्यासमोर न करायला शिकतं, म्हणजे दिवाणाखाली.

कारण शोधा. टब घाण आहे, लिटर अचानक बदललंय, टबाजवळ मिक्सर नाहीतर वॉशिंग मशीन गरगरतं, कुत्रं तिथून हिंडतं, किंवा शू करताना दुखतं. टब नवा असेल तर जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला अलगद आत ठेवा, त्याचाच पंजा धरून दोनदा उकरल्यासारखं करा. आधी कुठे शू केली असेल तर तिथलं टिपलेलं कागदाचं बोळं टबात ठेवा. बाहेरची जागा मात्र वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण साफ झालीच पाहिजे. आपल्याला वास येईनासा झाला म्हणून त्याला येत नाही असं नसतं. साफ झाल्यावर तिथे पाण्याची वाटी नाहीतर त्याचं अंथरूण ठेवा. जिथे खातात-झोपतात तिथे मांजरं सहसा घाण करत नाहीत.

तीन-चार आठवड्यांपेक्षा लहान, आईविना सापडलेलं पिल्लू असेल तर गोष्टच वेगळी. त्याला स्वतःहून शू-शी करता येत नाही. आई चाटून करवते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने प्रत्येक दुधानंतर हलकेच पुसून तुम्हाला ते करवावं लागतं.

कूलर लावला की वास का वाढतो?

कूलर हवेत दमटपणा सोडतो आणि जुन्या स्फटिकांना तेवढंच निमित्त लागतं. शिवाय टब कूलरच्या झोतात असेल तर वास घरभर. टब झोताच्या वाटेतून काढा, समोरची खिडकी उघडी ठेवा, कूलरचं जुनं गवत बदला. पुष्कळदा पिल्लावर आळ येतो आणि कुबट वास त्या गवताचा असतो.

बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पिल्लू पाणी कमी प्यायलं तर लघवी आणखी घट्ट होते, वासही वाढतो. दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट वाट्यांत पाणी ठेवा. कोरडं खाणं देत असाल तर त्यात कोमट पाणी घाला.

शीला असह्य वास येतो. खाण्यामुळे असेल का?

बहुतेक वेळा हो, आणि पहिला संशय दुधावर. मांजर म्हटलं की वाटीभर दूध हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आईचं दूध सुटल्यावर पिल्लांच्या पोटात दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. गाई-म्हशीचं दूध दिलं की पातळ, आंबूस शी. दूध-भाकरी आठवडाभर बंद करून बघा, अनेक घरांतला वास इथेच संपतो.

मटणाच्या रश्श्यातले कांदा-लसूण विषारी असतात, मसाला पोटाला झेपत नाही. चिकन द्यायचं तर नुसतं उकडून, मीठ-हळदीशिवाय, हाडं काढून. सुकट-बोंबील रोज दिले तर तोंडाला, अंगाला, शीला, सगळ्यालाच वास येणार. खाणं बदलताना सात ते दहा दिवस हळूहळू बदला.

दुसरं कारण जंत. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या पोटात जंत नसतील असं समजू नका. पोट नगाऱ्यासारखं, अंग काडीसारखं, शीत पांढरे दोरे दिसले तर शंकाच नको. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरला विचारूनच; माणसाची गोळी अंदाजाने तोडून देऊ नका.

शी पाण्यासारखी, रक्ताची, फार घाण वासाची, सोबत उलट्या आणि पिल्लू मलूल पडलंय, तर तो मांजरांचा पार्व्हो म्हणजे पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा रोग असू शकतो. त्यात पिल्लं एका-दोन दिवसांत जातात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. या रोगाची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करतात.

आम्ही शाकाहारी. वरण-भात, दही-भात दिला तर वास कमी होईल ना?

वास कमी होईल न होईल, पिल्लू खंगेल. मांजराला टॉरिन हे द्रव्य मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय निकामी होतं. घरात मांस शिजवायचं नसेल तर पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं आणा. पिशवी बंद, वाटी ओसरीवर, कुणाच्या सोवळ्याला धक्का नाही.

टब साफ आहे, पण पिल्लाच्या अंगालाच वास येतो.

निरोगी मांजराच्या अंगाला जवळजवळ वास नसतो. येत असेल तर कुठून ते हुंगा. कानात काळा, कॉफीच्या चुऱ्यासारखा मळ आणि सारखं खाजवणं: कानातले किडे. तोंडाला वास: साडेतीन ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात तेव्हा थोडा येतोच, पण हिरड्या लाल भडक असतील तर दाखवा. घाबरल्यावर एकदम कुजक्या मासळीसारखा वास आला आणि गेला, तर शेपटीखालच्या ग्रंथींचा स्राव. क्वचित झालं तर काळजी नको. अंगावर गाठ, त्यातून घाण वासाचा पू, तर दुसऱ्या मांजराचा चावा पिकलाय.

अंघोळ हे शेवटचं औषध. दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लाला तर घालूच नका, गारठून जातं. ढुंगण भरलं असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, उबेला ठेवा. माणसाचा शाम्पू, टाल्कम पावडर, अत्तर काही नको. जे अंगाला लावाल ते चाटून पोटात जातं.

सहा महिन्यांचं झालं आणि आता भिंतीवर उभ्याने पिचकारी मारतं.

बोका वयात आला. शेपटी उभी, थरथरवत, भिंतीवर किंवा दारावर मारलेली ती पिचकारी म्हणजे हद्दीची खूण, आणि तिचा वास नेहमीच्या शूपेक्षा कितीतरी उग्र. माजावर आलेली भाटी (मांजरी)सुद्धा कधीकधी मारते. यावर पुसणं हा उपाय नाही, नसबंदी हा आहे. वेळेवर केली तर दहापैकी नऊ बोक्यांचं हे थांबतं किंवा खूपच कमी होतं. उशीर केला तर सवय जडते. चार-सहा महिन्यांच्या दरम्यान डॉक्टरशी बोला.

उदबत्ती, ऊद, धूप?

पिल्लू असलेल्या बंद खोलीत नको. देवापुढे रोजची एक लागते ती लागू द्या, खिडकी उघडी ठेवा.

सून गरोदर आहे. पिल्लू बाहेर काढावं का?

पिल्लू बाहेर काढायची गरज नाही, टब साफ करायचं काम दुसऱ्याकडे द्या. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जाऊ शकतो. तो शीत पडल्यावर लगेच लागण करत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज उचललं तर धोका खूपच कमी. कच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या हा धोका घरात जास्त असतो, तिकडेही लक्ष असू द्या. मिशा पिळत बसलेले चिरंजीव नऊ महिने झारा हातात घेतील तर काही बिघडत नाही.

वापरलेलं लिटर टाकायचं कुठे?

पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत. संडासात टाकलं तर बेंटोनाइट पाइपात फुगून बसतं. परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात खत म्हणून तर मुळीच नाही, कारण वर सांगितलंच.

डॉक्टरकडे कधी जायचं? तालुक्याला तर गाई-म्हशींचेच डॉक्टर आहेत.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा. जंताचं औषध, रेबीजची लस, प्राथमिक तपासणी बऱ्याच ठिकाणी होते. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळच्यांना ते सोयीचं. जाताना शीचा नमुना छोट्या स्वच्छ डबीत न्या, ताजाच.

ज्यात थांबायचं नाही अशी एक गोष्ट: बोका पुन्हा पुन्हा टबात जाऊन जोर करतोय, ओरडतोय, आणि शू थेंबभरच येतेय किंवा येतच नाही. लोक याला बद्धकोष्ठ समजून तूप पाजतात. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी फोन लावा.

दिवाळीला चार दिवस गावी जायचंय. परत आल्यावर घर वासाने भरलेलं असतं.

शेजारच्या पोराला किल्ली द्या, दिवसातून एकदा टब उचलायला आणि पाणी बदलायला सांगा, आणि दोन टब भरून ठेवून जा. झारा कुठे आहे ते दाखवून ठेवा. फराळाचा डबा आल्यावर द्यायचा कबूल केला तर पोरगं दोनदाही येतं.